पुठ्ठ्याच्या तुकड्याचें मोल

अमेरिकेंत न्यू जर्सी राज्यांत मुलाकडे राहावयास गेलेल्या एका सद्गृहस्थांचें पत्र आमच्याकडे आलें आहे. त्यांच्या नातवाची मुंज गेल्या वर्षीं पुण्यास झाली. त्या प्रसंगीं आप्तेष्टांनीं बटूच्या हातीं ठेवलेली रक्कम त्याच्या नांवें बँकेंत आहे. आतां त्या बटूचें म्हणणें असें कीं, ही रक्कम बँकेंत पडून राहण्यापेक्षां तिचीं बेसबॉलच्या खेळाडूंचीं कार्डें घ्यावीं. कारण अशा एका कार्डास शंभर कोटी रुपये आले आहेत. मुलाच्या वडिलांस हें खूळ वाटतें, आईस त्यांत थोडें तथ्य वाटतें, आणि आजोबांनीं कोणाची बाजू घ्यावी यावरून घरांत दोन आठवडे अबोला चालला आहे. पत्रलेखकांनीं आम्हांस विचारलें आहे कीं, पुठ्ठ्याच्या तुकड्यास इतकें मोल येतें तें कशामुळें, आणि आलेलें मोल टिकतें काय?

प्रथम हें सांगितलें पाहिजे कीं, मुलगा खोटें बोलत नाहीं. सन २०२२ च्या ऑगस्ट महिन्यांत अमेरिकेंतील एका लिलावांत मिकी मँटल नांवाच्या खेळाडूचें १९५२ सालीं छापलेलें कार्ड १ कोटी २६ लक्ष डॉलरांस विकलें गेलें. त्या वेळच्या हुंडणावळीनें ही रक्कम सुमारें शंभर कोटी रुपये होते. हें कार्ड म्हणजे काय, तर अडीच इंचांहून थोडा अधिक रुंद आणि पावणेचार इंच लांब असा पुठ्ठ्याचा एक तुकडा. पुढच्या बाजूस खांद्यावर दांडू घेतलेल्या तरुणाचें रंगीत चित्र, पाठीमागें त्याची माहिती व त्याच्या खेळाचे आंकडे. त्यांत सोनें नाहीं, रत्न नाहीं, कोणा थोर चित्रकाराचा हात नाहीं. असे तुकडे छापखान्यांतून गठ्ठ्यांनीं बाहेर पडले होते, आणि च्युइंगगमची वडी घेणाऱ्या पोरांस ते वडीबरोबरच मिळत. म्हणजे ज्या वस्तूस विकणाऱ्यानें स्वतंत्र किंमतहि लावली नव्हती तिची ही किंमत झाली. याचें कारण समजून घ्यावयाचें तर थोडें मागें गेलें पाहिजे.

या कार्डांचा जन्म खेळाच्या प्रेमांतून झालेला नाहीं. तो तंबाखूच्या व्यापारांत झाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेंत सिगारेटी कागदाच्या मऊ पाकिटांत विकल्या जात. पाकीट दबलें कीं आंतील माल मोडे. म्हणून त्यांत जाड कागदाचा एक तुकडा घालण्याची चाल पडली. तुकडा घालावयाचाच तर तो कोरा कां असावा, असा विचार कोणा व्यापाऱ्याच्या मनांत आला आणि त्यावर चित्रें छापण्यास आरंभ झाला. रिचमंड शहरांतील ॲलन अँड जिंटर आणि न्यूयॉर्कमधील गुडविन या कंपन्यांनीं १८८७ च्या सुमारास इतर चित्रांबरोबर बेसबॉलच्या खेळाडूंचीं चित्रें काढलीं. हा खेळ आपल्या क्रिकेटचा दूरचा भाऊबंद. दांडू गोल, धांवपट्टी चौकोनी, आणि लोकांचें वेड मात्र तेवढेंच. पुढें १९०९ पासून १९११ पर्यंत अमेरिकन टोबॅको कंपनीनें जी चित्रमाला काढली ती या सर्वांत प्रसिद्ध आहे. तींत ५२४ निरनिराळीं चित्रें आहेत आणि त्यांच्या पाठीवर तंबाखूच्या सोळा छापांच्या जाहिराती आहेत. संग्राहक मंडळी या मालेस 'टी-२०६' म्हणतात. हें रुक्ष नांव तीस कोणीं दिलें तें पुढें येईल. बाप सिगारेट ओढी आणि मुलगा चित्र ठेवी, असा हा मामला होता. ज्यांचे बाप ओढत नसत ते पोर दुकानाच्या दाराशीं उभे राहून गिऱ्हाइकांस चित्र मागत. मुलांच्या छंदाचा उपयोग करून मोठ्यांस व्यसनाकडे ढकलण्याची ही युक्ति आम्हांस मुळींच आवडलेली नाहीं. आणि ती त्या काळींहि एका मनुष्यास आवडली नव्हती असें म्हणतात.

हा मनुष्य म्हणजे पिट्सबर्ग संघाचा होनस वॅग्नर. जर्मनींतून आलेल्या कोळसा-खाणकामगाराच्या घरीं १८७४ सालीं त्याचा जन्म झाला. त्याच्या काळांतील श्रेष्ठ खेळाडूंत त्याची गणना होते. १९३६ सालीं बेसबॉलच्या कीर्तिमंदिरासाठीं पहिले पांच पुरुष निवडले गेले त्यांत तो होता. टी-२०६ मालेंत त्याचेंहि चित्र छापलें गेलें, परंतु थोड्याच अवधींत तें छापणें बंद झालें. १९१२ सालच्या एका क्रीडा-साप्ताहिकांत याची हकीकत आली आहे ती अशी: कंपनीनें पिट्सबर्गच्या एका वृत्तपत्र-लेखकास लिहिलें कीं, वॅग्नरची परवानगी मिळवून दिलीत तर दहा डॉलर देऊं. त्या लेखकानें वॅग्नरला विचारलें. वॅग्नरनें उत्तर धाडलें कीं, आपलें चित्र सिगारेटच्या पाकिटांत जावें अशी आपली इच्छा नाहीं. परंतु तुमचे दहा डॉलर आपल्यामुळें बुडूं नयेत म्हणून सोबत तेवढ्या रकमेचा चेक जोडला आहे. कांहीं लोक म्हणतात, त्यास मुलांच्या हातीं तंबाखू जाऊं नये असें वाटत होतें. कांहीं म्हणतात, त्यास चित्राचा मोबदला हवा होता. दुसऱ्या पक्षाचें म्हणणें असें कीं, वॅग्नर स्वतः तंबाखू चघळीत असे आणि पूर्वीं एका सिगारवर त्याची छबी झळकली होती. आमचा कौल पहिल्या पक्षाकडे आहे. स्वतः तंबाखू खाणारा बाप मुलाच्या हातांतून चंची हिसकावून घेतो हें आपल्याकडेहि आपण पाहतोंच. त्यांत विसंगति असली तरी लबाडी नाहीं. आणि ज्यास मोबदल्याचा लोभ आहे तो दुसऱ्याचे दहा डॉलर स्वतःच्या खिशांतून भरीत नाहीं.

कारण कोणतेंहि असो, परिणाम असा झाला कीं, वॅग्नरच्या या चित्राच्या आज सुमारें पन्नास-साठ प्रतीच ठाऊक आहेत. २०२१ च्या ऑगस्टमध्यें त्यांपैकीं एक ६६ लक्ष ६ हजार डॉलरांस गेली, आणि पुढच्याच वर्षीं दुसरी एक, तिच्याहून अधिक झिजलेली, ७२ लक्ष ५० हजार डॉलरांस. ज्या पुरुषानें आपलें चित्र विकूं दिलें नाहीं त्याचेंच चित्र इतकें महाग झालें, हा योगायोग पाहून वॅग्नर हंसला असता. तो १९५५ सालीं वारला.

येथें वाचक म्हणतील कीं, मग रहस्य सोपें आहे. जें दुर्मिळ तें महाग. परंतु तसें नाहीं, आणि हाच या विषयांतील मौजेचा भाग आहे. त्याच टी-२०६ मालेंत जो डॉइल नांवाच्या एका गोलंदाजाचें चित्र आहे. न्यूयॉर्कांत त्या वेळीं दोन निरनिराळ्या संघमंडळांचे संघ होते. हा डॉइल होता एका मंडळाच्या संघांत, आणि छापणाऱ्यानें त्याच्या नांवाखालीं घातलें दुसऱ्याच मंडळाचें नांव. कारण त्या दुसऱ्या संघांतहि एक डॉइल होताच. चूक लौकरच ध्यानांत आली व दुरुस्त झाली. त्यामुळें चुकीच्या प्रती वॅग्नरच्या प्रतींहूनहि पुष्कळ कमी उरल्या आहेत. तरी त्यांची किंमत वॅग्नरच्या किंमतीच्या पासंगासहि पुरत नाहीं. मॅगी नांवाच्या खेळाडूच्या नांवांत एक अक्षर चुकलें, तेंहि चित्र असेंच मोलाचें झालें आहे. आम्ही आयुष्यभर ऱ्हस्वदीर्घाच्या चुकांस अर्धा अर्धा गुण कापीत आलों. चुकीस बक्षीस देणारी ही विद्या आम्हांस नवी आहे. पण तात्पर्य ध्यानांत घ्यावें: दुर्मिळता ही एकटी कांहीं करीत नाहीं. जिच्यासाठीं कोणी झुरत नाहीं अशी वस्तु जगांत एकच असली तरी ती एकच राहते, इतकेंच.

शंभर कोटींच्या मँटलचें उदाहरण तर याहून बोलकें आहे. पहिल्या महायुद्धानंतर हळूहळू कार्डें तंबाखूच्या पाकिटांतून मिठाई व च्युइंगगमच्या पाकिटांत आलीं. बोस्टनच्या गाउडी कंपनीनें १९३३ सालीं २४० क्रमांकांची माला काढली, पण १०६ वा क्रमांक छापलाच नाहीं. मुलें तो क्रमांक सांपडेल या आशेनें वड्यांमागून वड्या विकत घेत राहिलीं. पुढें कांहीं मुलांनीं व पालकांनीं कंपनीस तक्रारीचीं पत्रें लिहिलीं, तेव्हां १९३४ सालीं नॅप लाजोवे या जुन्या खेळाडूचें चित्र १०६ क्रमांक घालून छापलें गेलें आणि ज्यांनीं पत्रें लिहिलीं होतीं त्यांस टपालानें धाडलें गेलें. तें चित्र आज अत्यंत दुर्मिळ आहे. तक्रार करणाऱ्यांचा फायदा झाला असें हें एक विरळा उदाहरण होय.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रुकलिनच्या टॉप्स कंपनीनें हा धंदा हातीं घेतला. साय बर्गर नांवाच्या तिच्या एका नोकरानें १९५२ सालीं ४०७ क्रमांकांची मोठी माला रचली. ती हप्त्याहप्त्यानें निघे. ३११ पासून पुढचा शेवटचा हप्ता निघाला तोंपर्यंत बेसबॉलचा हंगाम सरत आला होता, मुलांचें लक्ष फुटबॉलकडे वळलें होतें, आणि माल पडून राहिला. त्या पडून राहिलेल्या हप्त्याचा पहिलाच क्रमांक मिकी मँटलचा. बर्गरनें पुढें सांगितलेल्या हकीकतीप्रमाणें, हीं खोकीं कित्येक वर्षें वखारींत धूळ खात पडलीं. जत्रांतून स्वस्तांत विकण्याचाहि त्यानें यत्न केला. अखेर १९६० च्या सुमारास ती सर्व रास कचऱ्याच्या पडावावर लादून अटलांटिक महासागरांत बुडविण्यांत आली. त्या दिवशीं समुद्रांत किती कोटी रुपये गेले याचा हिशेब मांडण्याचा मोह पुष्कळांस होतो. आम्हांस तो हिशेबच चुकीचा वाटतो. तीं खोकीं वांचलीं असतीं तर आज त्या कार्डास ही किंमत आलीच नसती.

तथापि येथेंहि गोम आहे. छपाईच्या तक्त्यावर मँटलचें चित्र दोनदां बसविलेलें होतें. म्हणजे त्या हप्त्यांतील बहुतेक इतर खेळाडूंच्या दुप्पट मँटल छापले गेले. शिवाय तें त्याचें पहिलें कार्डहि नव्हे. पहिलें आदल्या वर्षीं बोमन कंपनीनें काढलेलें होतें. दुर्मिळता पाहावी तर त्याच हप्त्यांत त्याच्याहून विरळा पुष्कळ आहेत. अग्रमान पाहावा तर तोहि दुसऱ्याचा. मग शंभर कोटी कशाचे? आमच्या मतें ते १९५२ सालीं दहा वर्षांच्या असलेल्या मुलांच्या बाल्याचे आहेत. मँटल हा त्या पिढीचा लाडका वीर. हीं पोरें मोठीं झालीं, वकील झालीं, दलाल झालीं, १९८० नंतरच्या काळांत त्यांच्या हातीं पैसा खेळूं लागला, आणि आतां त्यांस तें हवें झालें जें एकदां त्यांच्या हातांत होतें व गेलें.

गेलें कसें, तेंहि ऐकण्यासारखें आहे. अमेरिकेंत त्या वयाच्या कोणाहि मनुष्यास विचारावें, तो हेंच सांगतो कीं, मी कॉलेजांत गेलों आणि आईनें माझीं कार्डें टाकून दिलीं. हें रडगाणें तेथें इतकें सार्वत्रिक आहे कीं, त्याची थट्टाच होऊन बसली आहे. युद्धकाळांत रद्दी गोळा करण्याच्या मोहिमा निघाल्या तेव्हांहि पुष्कळ कार्डें गेलीं; जीं उरलीं तीं मुलांनीं सायकलच्या चाकांत खोंचून फटफट आवाज काढण्यांत झिजविलीं, भिंतीवर फेंकून जिंकण्या-हरण्यांत चुरगळलीं. आपल्याकडे दिवाळीपूर्वीं माळा झाडतांना जें होतें तेंच हें. या मातांस आज कित्येक मुलगे मनांतून दोष देतात. पण त्यांनीं कचरा काढला नसता तर त्या कचऱ्यास मोल आलें नसतें, हें त्यांच्या ध्यानांत येत नाहीं. शिवाय घर म्हणजे वखार नव्हे. ज्या घरांत सर्व कांहीं जपून ठेवतात त्या घरांत माणसांस बसावयास जागा राहत नाहीं.

अशा रीतीनें जें थोडें उरलें त्यांतहि निष्कलंक तें अतिशयच थोडें. यामुळें कार्डाच्या प्रकृतीस आतां सर्वस्वीं महत्त्व आलें आहे. १९९१ पासून अमेरिकेंत कार्डें तपासून त्यांस गुण देणाऱ्या कंपन्या निघाल्या. चार कोपरे टोंकदार आहेत काय, कडा सरळ आहेत काय, चित्र बरोबर मध्यावर बसलें आहे काय, पृष्ठावर ओरखडा अथवा सुरकुती आहे काय, हें पाहून एकापासून दहापर्यंत गुण देतात आणि कार्ड पारदर्शक डबीत मोहोरबंद करितात. एकाच खेळाडूच्या एकाच सालच्या कार्डास आठ गुण असले तर एक किंमत आणि नऊ असले तर तिच्या कित्येक पट. शंभर कोटींच्या मँटलला साडेनऊ गुण आहेत. आम्हीं गुण देण्यांत जन्म घालविला, परंतु अर्ध्या गुणाची एवढी किंमत आम्हांस कधींच मिळाली नाहीं!

जेथें अर्ध्या गुणास लाखों डॉलर तेथें कात्री आल्यावांचून राहत नाहीं. वॅग्नरच्या सर्वांत देखण्या प्रतीची कथा अशीच आहे. १९८५ सालीं बिल मास्ट्रो नांवाच्या व्यापाऱ्यानें ती २५ हजार डॉलरांस घेतली. दोन वर्षांनीं १ लक्ष १० हजारांस विकली. १९९१ सालीं वेन ग्रेट्झ्की या हॉकीपटूनें एका भागीदारासह ती ४ लक्ष ५१ हजारांस घेतली. गुण देणाऱ्या नव्या कंपनीनें आपला पहिला शिक्का याच प्रतीवर मारला आणि तीस आठ गुण दिले. २००७ सालीं तिला २८ लक्ष डॉलर आले. शंभर वर्षांच्या कार्डाच्या कडा इतक्या कोऱ्या कशा, अशी कुजबुज आरंभापासून होतीच. अखेर २०१३ सालीं मास्ट्रोनें लिलावांतील फसवणुकीचा गुन्हा कबूल करतांना हेंहि कबूल केलें कीं, त्या कार्डाच्या कडा आपण कापल्या होत्या. २०१५ सालीं त्यास वीस महिन्यांची कैद झाली. नकली कार्डें तर पैशास पासरी आहेत. जुन्या चित्रांखालचें नांव तपकिरी शाईच्या सलग ठशांत असतें. अलीकडील नकलेंत भिंगाखालीं तेंच नांव बारीक ठिपक्यांचें दिसतें. ही एक खूण झाली; लबाड लोक अशा खुणाहि शिकून घेतात.

आतां पत्रलेखकांच्या नातवाकडे वळूं. १९८१ पर्यंत टॉप्स कंपनीचा या धंद्यांत बहुतेक एकाधिकार होता. एका खटल्यामुळें तो सैल झाला आणि दुसऱ्या कंपन्या आंत शिरल्या. जुन्या कार्डांच्या वाढत्या किंमतींच्या बातम्या त्याच सुमारास वर्तमानपत्रांत येऊं लागल्या होत्या. तेव्हां सर्व देशास एकदमच शहाणपण सुचलें. मुलांनीं नव्हे, तर बापांनीं खोक्यांचीं खोकीं घेतलीं, फोडलींहि नाहींत, आणि 'मुलाच्या कॉलेजच्या खर्चास होतील' म्हणून तळघरांत रचून ठेविलीं. कंपन्यांनीं मागणी पाहून छापखाने रात्रंदिवस चालविले. आई आतां टाकून देईना, पोर चाकांत खोंचीना. प्रत्येक कार्ड कोरें राहिलें, आणि म्हणूनच कवडीमोल झालें. १९९४ सालीं खेळाडूंच्या संपानें हंगामच बुडाला व बाजार बसला. साधारणपणें १९८६ ते १९९३ पर्यंतच्या या मालास तेथें 'जंक वॅक्स', म्हणजे मेणकागदांतील रद्दी, असें नांव पडलें आहे. कित्येक खोकीं आजहि जवळजवळ मूळ किंमतीसच मिळतात. तीस-पस्तीस वर्षांचें व्याज तर दूरच राहिलें. पूर्वींच्यांनीं जपलें नाहीं म्हणून मोल आलें. यांनीं मोलासाठीं जपलें म्हणून तें गेलें.

शंभर कोटींचा मँटल विकणाऱ्यानें तें कार्ड १९९१ सालीं ५० हजार डॉलरांस घेतलें होतें. एकतीस वर्षांचें चक्रवाढ व्याज काढलें तर दर साल दर शेंकडा सुमारें साडेएकोणीस पडतें. आंकडा मोठा आहे, यांत शंका नाहीं. पण त्या बटूस आजोबांनीं तीन गोष्टी विचाराव्या. एक, १९९१ सालीं ५० हजार डॉलर मुंजीच्या पैशांतून आले असते काय? दुसरी, त्याच वर्षीं तळघरांत खोकीं रचणारे ते बाप याच खात्रीनें रचीत होते कीं नाहीं? तिसरी, अशा वस्तु विकून आलेल्या नफ्यावर अमेरिकेंत शेअरांच्या नफ्याहून अधिक, म्हणजे शेंकडा २८ पर्यंत कर बसूं शकतो, आणि लिलाव करणारा आपला वांटा निराळा घेतो. तें वजा केलें काय? मिकी मँटलला मानणारी पिढी आतां ऐंशीच्या घरांत आहे. २०२० सालीं साथीच्या दिवसांत घरीं बसलेल्या तरुणांनीं या बाजारांत पुन्हां उसळी आणली हें खरें. तथापि ती उसळी मुख्यतः नव्या खेळाडूंच्या कार्डांत होती, आणि नव्या खेळाडूची कीर्ति एका दुखावलेल्या गुडघ्यासरशीं उतरते.

म्हणून आमचा सल्ला असा आहे. मुंजीची रक्कम बँकेंतच असावी. मुलास खाऊच्या पैशांतून एखादें पाकीट घेऊं द्यावें. तें त्यानें फोडावें, मित्रांशीं अदलाबदल करावी, पाठीमागचे आंकडे पाठ करावे. फलंदाजीची सरासरी काढतां काढतां अमेरिकेंतील किती मुलें दशांश शिकलीं असतील! हा लाभ लिलावाच्या यादींत दिसत नाहीं. मुलाच्या वडिलांस मात्र एक सुचवावेंसें वाटतें: छंदास खूळ म्हणूं नये. खूळ आहे तें शंभर कोटींचें, कार्डाचें नव्हे.

आणखी एक गोष्ट नातवास दाखवावी. टी-२०६ मालेंतील ५२४ चित्रें त्यानें एका ठिकाणीं पाहावीं, आणि त्यांत कोण नाहीं तें शोधावें. त्या काळीं कृष्णवर्णीय खेळाडूंस मोठ्या संघांत प्रवेशच नव्हता; त्यांचे संघ निराळे, मैदानें निराळीं, पंगतहि निराळी. जॉश गिब्सन हा त्यांच्यांतील महान् फलंदाज १९४७ च्या जानेवारींत वारला. त्याच वर्षींच्या एप्रिलांत जॅकी रॉबिन्सननें ब्रुकलिनच्या संघांतून खेळून ती भिंत पाडली. गिब्सनच्या हयातींत अमेरिकेंतील ना मोठ्या तंबाखूवाल्यांनीं त्याचें चित्र काढलें, ना च्युइंगगमवाल्यांनीं. २०२४ सालीं त्या निराळ्या संघांचे आंकडे मुख्य आंकड्यांत मिळविण्यांत आले तेव्हां गिब्सनची सरासरी सर्व खेळाडूंत पहिली ठरली. जो पहिला होता त्याचें कार्ड त्यांच्यापैकीं कोणीं त्याच्या हयातींत काढलेंच नाहीं. पंगतींतून कोणास उठवावें याचे नियम आपल्याहि घरांत पिढ्यान् पिढ्या चालत आले आहेत; तेव्हां या गोष्टीवर परक्यांस नांवें ठेवण्यापूर्वीं वाचकांनीं थोडें थांबावें.

राहिलें 'टी-२०६' हें नांव. सिराक्यूज गांवीं जेफरसन बर्डिक नांवाचा एक अविवाहित गृहस्थ विजेच्या साहित्याच्या कारखान्यांत काम करी. १९०० सालचा त्याचा जन्म. तरुणपणींच संधिवातानें त्यास गांठलें. बेसबॉलची त्यास विशेष गोडी होती असें दिसत नाहीं. त्यास गोडी होती छापील चित्रांची. सिगारेटचीं चित्रें, मिठाईचीं चित्रें, भेटकार्डें, पोस्टकार्डें, दुकानदारांचीं जाहिरातपत्रें, लोक जें जें टाकून देत तें तें तो जमवी. त्या अफाट पसाऱ्याचें त्यानें एखाद्या वैयाकरणाप्रमाणें वर्गीकरण केलें: एकोणिसाव्या शतकांतील तंबाखूच्या चित्रांस एक वर्ण, विसाव्या शतकांतील तंबाखूच्या चित्रांस 'टी', मिठाईच्या चित्रांस आणखी निराळा, आणि प्रत्येक मालेस क्रमांक. आज लाखों डॉलरांचे लिलाव पुकारणारे लोक त्याच्याच सूचीचे क्रमांक पुकारतात.

१९४७ पासून त्यानें हा संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला देण्यास आरंभ केला. मोबदला घेतला नाहीं. एकंदर वस्तु तीन लक्षांहून अधिक, त्यांत बेसबॉलचीं कार्डें तीस हजारांवर. म्युझियमच्या चित्रविभागांत त्यास एक मेज मिळालें. पुढें तो न्यूयॉर्कांतच राहावयास आला आणि संधिवातानें वांकड्या झालेल्या बोटांनीं वह्यांच्या पानांवर तीं चित्रें क्रमानें चिकटवीत बसला. चिकटविलेल्या कार्डाची बाजारांतील किंमत जाते, हें आजचा कोणताहि दलाल सांगेल. १९६३ च्या जानेवारीच्या १० तारखेस काम पुरें झालें. मार्चमध्यें तो वारला. वॅग्नरचें तें चित्रहि त्यानें इतरांबरोबर देऊन टाकलें होतें.